आधी ऊन बघ, मग रंग

जालन्याच्या त्या छोट्या चॅपेलच्या, म्हणजे ख्रिस्ती प्रार्थनाघराच्या, रंगीत काचेच्या खिडक्या करायला घेतल्यास, छान. पण काचा आणायची घाई नको. आधी एक दिवस नुसता तिथं जाऊन बस. आपल्याकडचं एप्रिलचं ऊन म्हणजे चेष्टा नाही. पश्चिमेला पारदर्शक लाल काच लावलीस तर चार वाजता आत बसलेल्यांची तोंडं भाजल्यासारखी दिसतील. (माझी पहिली खिडकी अशीच झाली. दोन महिन्यांत तिला पडदा लागला!)

फ्रान्समधल्या वाँसच्या चॅपेलचे फोटो बघ, १९५१ मध्ये पुरं झालेलं. चित्रकार आन्री मातीसनं तिथल्या खिडक्यांना रंग तीनच घेतले: निळा, हिरवा, पिवळा. खरी गंमत पिवळ्यात आहे. निळ्या-हिरव्या काचेतून आरपार दिसतं, पिवळी मात्र दुधाळ. उजेड आत घेते, बाहेरचं दिसू देत नाही. आत पांढऱ्या टाइल्स, त्यांवर ऊन सरकेल तसा रंग सरकतो. म्हणून भिंतीला क्रीम रंग देऊ नकोस, चुन्याची पांढरीच राहू दे.

संत-बिंत चितारायचा हट्टही सोड. काचेचे तुकडे जोडणाऱ्या शिशाच्या पट्टीची रेघ नीट आली तरी पुष्कळ. कापायच्या आधी काचेचे तुकडे चिकटपट्टीनं खिडकीला लाव, सकाळी एकदा आणि उन्हं कलताना एकदा बघ. मग मला फोटो पाठव.