फरशी फोडण्याआधी चेंबर उघडा

आषाढ लागला की माझ्याकडे येणारी पत्रं बदलतात. उन्हाळ्यात नळाला पाणी येत नाही म्हणून लिहिणारी माणसं आता पाणी जात नाही म्हणून लिहितात. या महिन्यात आलेल्या पत्रांतली निम्म्याहून जास्त ड्रेनेजची आहेत. त्यातली चार घेतो.

प्रश्न : मुलगा नोकरीसाठी बेंगळूरला गेल्यापासून वरच्या मजल्यावरची न्हाणी बंदच असते. दार उघडलं की गटाराचा वास भपकन अंगावर येतो. फिनेल टाकून दमलो. पाईप फुटली असेल काय?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : बहुतेक काही फुटलेलं नाही. न्हाणीच्या जाळीखाली ट्रॅप असतो आणि त्यात दोन इंच पाणी कायम साठून राहतं. गटाराचा वारा घरात शिरू नये म्हणून तेच पाणी आडवं उभं असतं. न्हाणी महिना-दोन महिने वापरली नाही की ते वाळून जातं. आज रात्री ट्रॅपमध्ये चार तांबे पाणी ओता, वर चमचाभर गोडेतेल सोडा म्हणजे लवकर वाळणार नाही. संडासच्या भांड्यातही एक बादली ओता. सकाळी वास गेलेला असेल तर दर पंधरा दिवसांनी एवढंच करत राहा. नाहीच गेला तर भांड्याच्या बुडाचा सांधा बघावा लागेल, तेव्हा परत लिहा.

प्रश्न : मिस्त्री, आमचं घर आजेसासऱ्यांच्या वेळचं आहे. पुढं सोपा, मध्ये माजघर, मागं परसू. संडास-न्हाणी परसात आहे, पण लाईन घराच्या पोटातनं पुढं गल्लीला जाते. गेल्या वर्षापासून संडासात पाणी ओतलं की न्हाणीतनं गुडगुड आवाज येतो. वॉशिंग मशीनचं पाणी सोडलं की न्हाणीत काळं पाणी वर येतं. पावसात तर रोजचंच झालंय. तीनदा बांबू मारून घेतला, महिनाभर बरं असतं, परत तेच. आता प्लंबर म्हणतो, माजघरापासून सोप्यापर्यंत सगळी फरशी फोडायला पाहिजे. फोडू काय?
— एक भगिनी, शहापूर, बेळगाव

उत्तर : ताई, थांबा. अजून आठ दिवस तरी फरशीला कुणाला हात लावू देऊ नका.

गुडगुड आवाज हा पाण्याचा नव्हे, वाऱ्याचा असतो. पुढं वाट अडली की पाईपमधल्या वाऱ्याला जायला जागा उरत नाही, मग तो जवळच्या ट्रॅपमधनं बुडबुडे काढत वर येतो. एकट्या न्हाणीचंच पाणी तुंबत असतं तर मी म्हटलं असतं, जाळी काढा, केस आणि साबणाचा गोळा काढा, काम झालं. पण तुमच्याकडे संडासात ओतलेलं न्हाणीत बोलतंय, म्हणजे अडचण दोघांच्या पुढच्या सामाईक लाईनमध्ये आहे. ती नेमकी कुठं आहे हे चेंबर सांगतो.

तुमच्या घराला निदान दोन चेंबर असणार, एक परसात आणि एक दारात कट्ट्याजवळ. जुन्या घरात फरशी बदलताना झाकणावरनंच फरशी मारून टाकतात, आमच्याच लोकांनी केलेला उद्योग आहे तो. सापडत नसेल तर हातोडीच्या दांड्यानं फरशी ठोकत चला. पोकळ वाजली की खाली चेंबर.

दोन्ही झाकणं पहारीनं उचला, पोरांना लांब ठेवा आणि नुसतं बघा. परसातला चेंबर भरलेला आणि दारातला कोरडा असेल, तर बोळा या दोघांच्या मध्ये आहे. दोन्ही भरलेले असतील तर दोष तुमच्या घरात नाही, गल्लीतली लाईन तुंबलीय, आणि फरशी फोडून तुमचं नुकसान तेवढं होईल. अशा वेळी महापालिकेत तक्रार द्या. अर्ज कन्नडमध्ये लिहिताना ‘ओळचरंडी’, म्हणजे जमिनीखालची गटारलाईन, तुंबली असं लिहा. नुसतं ‘चरंडी’ लिहिलं तर उघड्या गटाराचा माणूस येऊन बघून जाऊ शकतो. दोन्ही कोरडे असतील तर अडचण परसातल्या चेंबरच्याही मागं, न्हाणीजवळच आहे. पाणी जातंय पण हळू, असं वाटलं तर बादलीभर पाण्यात कपड्याची नीळ कालवून संडासात ओता आणि पुढच्या चेंबरला निळा रंग यायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा.

आता जागा शोधायची. दारातल्या कोरड्या चेंबरमधनं मागच्या दिशेनं स्प्रिंग किंवा बांबूची कामटी घाला. जिथं अडेल तिथं थांबा, चेंबरच्या काठाशी कामटीला चिंधी बांधा, बाहेर काढा आणि तीच कामटी घरात त्याच रेषेत फरशीवर ठेवा. तिचं टोक जिथं येईल तिथं खाली दुखणं आहे. वीस फूट फोडायचं की चार फूट, हे त्या चिंधीवर ठरतं. काम करणाऱ्यानं पाईपच्या तोंडासमोर उभं राहू नये. बोळा सुटला की मागं साठलेलं सगळं एकदम येतं. हातमोजे, बूट हवेतच. कॅमेरा घालून लाईन बघणारा कुणी मिळाला तर आणखी चांगलं, त्याचा खर्च फरशीपेक्षा कमीच येतो.

तीनदा काढून परत का तुंबतं, तर बांबू बोळ्याला भोक पाडतो, बोळा काढत नाही. वडगावात अशाच एका घराचं काम मी केलं. पाच वर्षं दर पावसाळ्यात बांबू मारून घेत होते. आम्ही चिंधी बांधून जागा काढली आणि तीन फूट उकरलं. आतला खापरी, म्हणजे भाजक्या मातीचा पाईप शाबूत होता, पण दोन पाईपच्या सांध्यातलं सिमेंट बोटानं निघत होतं. त्या फटीतनं कंपाऊंडच्या उंबराचं मूळ आत शिरलं होतं. शिरताना दोऱ्याएवढं, आत गेल्यावर त्याचं घोड्याच्या शेपटासारखं झालेलं, हातभर लांब, आणि त्यात घरच्या सगळ्यांचे केस, चिंध्या, तेलाचा चोथा अडकलेला. बाहेर काढलं तर ओल्या गोणपाटाएवढं वजन भरलं. घरच्या आजी बघून गप्प झाल्या. इतकी वर्षं त्या सुनेला रागवत होत्या, की तू खरकटं टाकतेस म्हणून तुंबतं.

तुमची लाईनही खापरीच असणार. खराब निघेल तेवढा तुकडा काढून चार इंची पीव्हीसी ड्रेनेज पाईप घाला. पाण्याचा नळाचा पाईप वेगळा, हा वेगळा, दुकानात नीट सांगून घ्या. जुना खापरी आणि नवा पीव्हीसी नुसता सिमेंट फासून जोडू देऊ नका, पुन्हा तीच फट तयार होते. जोडाच्या जागी छोटा चेंबर बांधणं सगळ्यात पक्कं, पुढं उघडून बघताही येतं. उतार चार इंची पाईपला चाळीस फुटांना एक फूट, म्हणजे दहा फुटांना तीन इंच. लेव्हलच्या नळीत पाणी भरून तो तुमच्यासमोर मापून घ्या. पाईपच्या खाली वाळू पसरा, दगड-विटांचे तुकडे नकोत. निपाणी, अथणीकडच्या वाचकांनी याकडे जास्त लक्ष द्यावं. तिकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि सांधे हलवते. बुजवण्याआधी खालचं तोंड बंद करून लाईन पाण्यानं भरा आणि तासभर ठेवा. पातळी उतरली तर कुठंतरी गळतंय. ही तासाभराची परीक्षा घेतल्याशिवाय मिस्त्रीचा शेवटचा हप्ता देऊ नका.

आणि पावसात रोजचंच झालंय म्हणता, तर पत्र्याचं किंवा गच्चीचं पाणी या चेंबरला जोडलंय काय ते बघा. जोडलं असेल तर आजच तोडा. आपल्याकडचा पाऊस चार इंची लाईनीत मावणारा नाही. तुमची न्हाणी गल्लीच्या चेंबरच्या झाकणापेक्षा खाली असेल तर मोठ्या पावसात गल्लीतलं पाणी उलटं घरात शिरतं. त्याला दारातल्या चेंबरमध्ये उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व बसवतात, आणि तो पावसाळ्याआधी दरवर्षी उघडून साफ करावा लागतो.

काम झाल्यावर एका कागदावर घराचा नकाशा काढा, चेंबर कुठं, पाईप कुठनं गेली, भिंतीपासून किती फूट. तो कागद घरपट्टीच्या पावत्यांबरोबर ठेवा.

प्रश्न : आमच्या विहिरीचं पाणी गोड होतं. दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्यांनी नवीन संडास बांधला, त्याचा शोषखड्डा आमच्या विहिरीपासून वीसेक फुटांवर आहे. या पावसात पाण्याला वास यायलाय आणि नातवंडांना सारखे जुलाब होतायत. ब्लीचिंग पावडर किती टाकू?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : काका, पावडरीच्या आधी दोन कामं करा. नातवंडांना डॉक्टरांकडे न्या आणि पाणी कुठलं पितात ते सांगा. आणि आजपासून पिण्याचं पाणी उकळूनच वापरा, चांगली उकळी आल्यावर खळखळू द्या. अशा पाण्यातनं जुलाबच नव्हे, कावीळ, टायफॉईडही होतात.

तुमच्याकडची जमीन जांभ्याची. जांभा म्हणजे सगळा भोकाभोकांचा दगड, पाणी त्यातनं गाळून न जाता वाहत जातं. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर चढतं, तेव्हा खड्डा आणि विहीर जवळजवळ एकच होतात. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून निदान 18 मीटर, म्हणजे साठ फूट लांब हवा. जांभ्यात त्याहून जास्त असेल तर बरं, आणि तो विहिरीच्या वरच्या अंगाला तर नकोच.

आरोग्य केंद्रात किंवा ग्रामपंचायतीत पाणी तपासायची बाटली मागा. एका प्रकारात पाणी भरून ठेवलं की मैल्याचे जंतू असतील तर ते काळं पडतं. ती काळी बाटली घेऊन शेजाऱ्यांकडे जा, भांडायला नव्हे. त्यांनी मुद्दाम केलेलं नाही, त्यांना जागा दाखवणारं कुणी भेटलं नाही. खड्डा लांब हलवायचा खर्च दोघांनी वाटून घेतला तरी दवाखान्यापेक्षा स्वस्त पडेल. त्यांच्या घरी विहीर असेल तर त्यांचंही पाणी तपासा.

पावडरीचं माप हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम, तीही ताजी आणि डबा घट्ट बंद ठेवलेली. बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडून ढवळा आणि तासभर थांबा. पण शेजारनं मैला झिरपत असेल तर आज मारलेलं उद्या परत येतं, हे लक्षात ठेवा. टिळकवाडीत 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खणलेली विहीर आम्ही अजून पाहुण्यांना नेऊन दाखवतो. या भागाला विहिरींनी जगवलंय. तुमची विहीर बुजवा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

प्रश्न : सेप्टिक टँक भरलीय. मैला उपसणारा गाडीवाला जास्त पैसे सांगतो. एक माणूस निम्म्या पैशात आत उतरून काढून देतो म्हणतोय, सवय आहे म्हणतो. द्यावं काय काम?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : नाही. हात जोडून सांगतो, नाही.

मी विशीत होतो तेव्हा आमचे उस्ताद मला चेंबरमध्ये उतरवायचे. एका दुपारी तिसऱ्या पायरीवर पाय ठेवल्याचं मला आठवतं, त्यापुढचं काही नाही. जाग आली तेव्हा मी रस्त्यावर आडवा होतो आणि उस्ताद माझं तोंड चोळत रडत होते. कमरेला दोरी होती म्हणून वर आलो. त्या दिवसापासून मी कुणाला आत पाठवलं नाही.

टाकीत जो वायू साठतो तो आधी सडक्या अंड्यासारखा वास देतो, आणि जास्त झाला की नाकाची वास घ्यायची ताकदच मारतो. त्यामुळं आतल्या माणसाला वाटतं, वास गेला, आता बरं आहे, आणि तेवढ्यात तो पडतो. सवयीचा इथं काही उपयोग नाही. दिवा सोडून बघायची जुनी रीत तर त्याहून वाईट, आतला दुसरा वायू पेट घेतो. एक पडला की त्याला काढायला दुसरा उडी मारतो आणि दोघं जातात. असं घडताना दिसलं तर आत उतरू नका, लोकांना उतरू देऊ नका, 112 ला फोन लावा.

कायदाही स्पष्ट आहे. हातानं मैला उपसण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्यानं कुणालाही संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टाकीत साफसफाईला उतरवायला बंदी आहे, आणि त्यात काम देणारा घरमालकही येतो. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गटारात मरणाऱ्याच्या घरच्यांना द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये दहा लाख ठरवली होती, 2023 मध्ये ती तीस लाख केली.

गाडीच बोलवा. नगरपालिकेत चौकशी करा, खासगी गाडीपेक्षा दर कमी पडतो काय ते बघा, शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून एकाच दिवशी बोलावली तर भाव करता येतो. झाकण उघडल्यावर गाडी येईपर्यंत टाकीवर वाकून बघू नका, जवळ विडी-काडी नको. मैला कुठं ओतणार ते गाडीवाल्याला विचारा, ओढ्यात किंवा कुणाच्या शेतात नको. पुढं दर दोन-तीन वर्षांनी, भरायच्या आधीच, उपसा करून घ्या आणि संडासात ॲसिड ओतणं बंद करा. मैला कुजवणारे जंतू त्यानं मरतात आणि टाकी लवकर भरते.

तुमच्याकडं आलेला माणूस कामासाठी आलाय, त्याला रिकाम्या हातानं पाठवू नका. झाकणावरची माती उकरून द्यायचं आणि गाडी गेल्यावर झाकण सिमेंटनं परत बसवायचं काम त्याला द्या, दिवसाची पूर्ण मजुरी द्या, आणि उतरायचं का नाही ते त्याला बसवून सांगा.