मोजणी जुळली, पण वजन आधीच्या पेटीचे

प्रश्न : द्राक्षांच्या पेट्या तोलणाऱ्या यंत्रासाठी मी सी भाषेत प्रोग्रॅम लिहितो. पेट्यांची मोजणी दोन थ्रेड (एकाच प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) वाढवतात. तिला 'व्होलाटाइल' (दर वेळी प्रत्यक्ष मेमरीतूनच वाचण्या-लिहिण्याची सूचना) करूनही ती कमी भरत असे. अ‍ॅटॉमिक बेरीज (मध्ये खंड न पडता एका दमात होणारी) वापरल्यापासून जुळते. आता एक थ्रेड वजन लिहून 'तयार' ही खूण १ करतो आणि दुसरा ती पाहून लेबल छापतो, मग खूण ० करतो. सर्व अ‍ॅटॉमिक क्रिया 'रिलॅक्स्ड' या सर्वांत सैल प्रकारच्या आहेत. लॅपटॉपवर चूक दिसत नाही. एआरएम प्रोसेसरच्या बोर्डवर मात्र क्वचित आधीच्या पेटीचे वजन छापले जाते. असे का?
— एक वाचक, अंबड, नाशिक

उत्तर : अ‍ॅटॉमिक क्रियेकडून दोन वेगवेगळ्या हमी मिळू शकतात, आपण त्यांपैकी एकच मागितली आहे.

पहिली हमी अखंडतेची. ४१ वाचणे, त्यात १ मिळवणे आणि ४२ लिहिणे या तीन पायऱ्या असल्यामुळे दोन्ही थ्रेडांनी ४१च वाचले, तर दोघेही ४२ लिहितात आणि एक पेटी हिशेबातून गळते. 'व्होलाटाइल'मुळे या पायऱ्या एकत्र बांधल्या जात नाहीत, अ‍ॅटॉमिक बेरजेमुळे बांधल्या जातात. निव्वळ मोजणीला 'रिलॅक्स्ड' पुरते. तेथे काही बदलू नका.

दुसरी हमी क्रमाची, आणि आपली चूक येथे आहे. आपण वजन आधी व खूण नंतर लिहिली, तरी दुसऱ्या कोअरला (प्रोसेसरमधील स्वतंत्र गणनाकेंद्राला) ती त्याच क्रमाने दिसतील असे 'रिलॅक्स्ड' सांगत नाही. एआरएम प्रोसेसर हा क्रम खरोखरच बदलू शकतो. लॅपटॉपमधील एक्स८६ प्रोसेसर एका कोअरने लिहिलेल्या गोष्टी इतरांना लिहिल्या त्याच क्रमाने दाखवतो, म्हणून तेथे चूक झाकली जाते. कंपायलरला (प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाला) मात्र तेथेही क्रम बदलण्याची मुभा असते. त्यामुळे लॅपटॉपवरील यशस्वी चाचणी हा अशा प्रोग्रॅमच्या अचूकतेचा पुरावा मानू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

सी भाषेच्या २०११च्या प्रमाणकात यावर उपाय आहे. खूण १ करताना 'रिलीज' आणि ती तपासताना 'अक्वायर' हे क्रम राखणारे प्रकार वापरा; मग ज्याला १ दिसले, त्याला त्याआधी लिहिलेले वजनही दिसलेच पाहिजे. परतीची वाटही विसरू नका: लेबल छापणाऱ्याने वजन वाचून झाल्यावर खूण 'रिलीज'ने ० करावी आणि वजन लिहिणाऱ्याने ते ० 'अक्वायर'ने पाहिल्यावरच पुढचे वजन लिहावे, नाहीतर वाचन चालू असतानाच नवे वजन जुन्यावर येऊन पडेल.

वजन लिहिणारे थ्रेड पुढे एकाहून अधिक झाले, तर ही एक खूण पुरणार नाही. तेव्हा सरळ म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप) वापरा.