सिम्युलेशन पास झालं, पण बोर्डवर चालेना: वाचकांचे प्रश्न

डिजिटल सर्किटचं डिझाइन करणाऱ्यांचे प्रश्न आलेत. निम्म्या लोकांचं दुखणं एकच आहे, सिम्युलेशनमधे, म्हणजे कंप्युटरवरच्या चाचणीत, चाललं आणि खऱ्या बोर्डवर नाही, किंवा टेस्ट पास झाली आणि बग दुसऱ्यानंच काढला. म्हणून यावेळी एकदमच उत्तरं देतोय. बहुतेकांचा कोड मी बघितलेला नाही हे लक्षात ठेवून वाचा.

प्रश्न (जुळे सोलापूर): सर, घरच्या लॅपटॉपवर व्हेरिलॉगसाठी (सर्किटचं वर्णन लिहायची भाषा) कुठलं टूल टाकू? मित्राकडं पेनड्राइव्हमधे मोठ्या कंपनीचं क्रॅक व्हर्जन आहे.

आयकारस व्हेरिलॉग टाक, वेव्हफॉर्म, म्हणजे सिग्नल वेळेनुसार कसे बदलले त्याचा आलेख, बघायला जीटीकेवेव्ह, दोन्ही फुकट आहेत. पेनड्राइव्ह मित्राला परत दे.

प्रश्न (अशोक चौक): १६ जागांचा फिफो (आधी आलेला डेटा आधी बाहेर देणारी रांग) केलाय. वेव्हफॉर्म झूम करून करून बघितलं, सगळं बरोबर. वर रेफरन्स मॉडेल (बरोबर उत्तर काय ते सांगणारा वेगळा कोड) लिहिलं, रँडम टेस्ट रात्रभर चालवल्या, सगळ्या पास. तरी व्हायव्हाला मॅडमनी दोन मिनिटात बग काढला. असं कसं?

तू कोड जोडलास म्हणून सांगता येतंय. तुझा फुल फ्लॅग, म्हणजे ‘जागा भरल्या’ सांगणारा सिग्नल, काउंट १५ झाला की वर जातो, म्हणजे १६ पैकी एक जागा जन्मभर रिकामी. आता मॉडेल उघड, तिथंही १५! डिझाइनमधली ओळ उचलून मॉडेलमधे टाकलीस, दोघांनी एकच चूक केली, दोघांची उत्तरं जुळली, टेस्ट पास. रात्रभर काय, वर्षभर चालव. स्वतःचा पेपर स्वतःच तपासल्यासारखं झालं हे.

हे मी इतक्या वेळा बघतोय की आता चिडचिड होते. मॉडेल लिहिताना डिझाइनची फाइल बंद पाहिजे, समोर फक्त स्पेक, म्हणजे डिझाइननं काय करायचं ते लिहिलेला कागद. शक्य असेल तर पार्टनरला लिहू दे, आणि त्याला तुझा कोड दाखवू नकोस. शिवाय मॉडेलची रचनाच वेगळी ठेव, पॉइंटर नको, काउंटर नको, सिस्टिमव्हेरिलॉगची (व्हेरिलॉगची वाढीव आवृत्ती) क्यू, म्हणजे तयार रांग, घे, राइट आला की मागं टाक, रीड आला की पुढनं काढ, क्यूमधे १६ झाले की फुल वर पाहिजेच, त्याआधी वर गेला तर एरर. पाच-सहा ओळींचं काम आहे.

आणि ते वेव्हफॉर्म झूम करून बघणं बंद कर. आपला डोळा जे बघायचं ठरवून बसतो तेच त्याला दिसतं. बरोबर की चूक हे टेस्टबेंचनं, म्हणजे डिझाइनला इनपुट देऊन तपासणाऱ्या कोडनं, ठरवायचं, फरक पडला की त्याच क्लॉकला (सर्किटच्या तालाच्या ठोक्याला) थांबून वेळ, अपेक्षित व्हॅल्यू आणि आलेली व्हॅल्यू छापायची. वेव्हफॉर्म उघडायचं ते त्यानंतर, आणि उलटं जायचं, चुकलेला सिग्नल कुणी चालवला, त्याला कुणी, असं करत जिथं पहिल्यांदा बिघडलं तिथपर्यंत. शून्य वेळेपासून पुढं बघत बसलं की पहाट होते.

अजून एक. तपासणाऱ्यालाही तपासायचं असतं. बग दुरुस्त केल्यावर डिझाइनमधे मुद्दाम १६ चं १५ कर, टेस्ट फेल झाली नाही तर तुझी टेस्ट झोपलीय. असर्शनचं, म्हणजे कोडमधे लिहिलेल्या ‘हे असंच व्हायला पाहिजे’ या नियमाचं, पण तेच, ‘रिक्वेस्ट आली तर तीन क्लॉकच्या आत ग्रँट’ असं लिहिलं आणि रिक्वेस्ट एकदाही आली नाही तर ते खुशाल पासच दिसतं. फुल नक्की कुठल्या क्लॉकला वर यायला हवा हे स्पेकमधे स्पष्ट नसेल तर अंदाज लावू नकोस, मॅडमनाच विचार, त्यांनी बग काढलाय म्हणजे त्यांना माहितीय.

प्रश्न (विजापूर रोड): आमचा सिनिअर म्हणतो कोड कव्हरेज १०० टक्के आलं की व्हेरिफिकेशन संपलं.

सिनिअरला विचार, जी ओळ लिहायचीच राहिली तिचं कव्हरेज तो कसं मोजतो. कोड कव्हरेज एवढंच सांगतं की ओळ चालली, उत्तर बरोबर आलं की नाही ते नाही. फिफो भरलेला असताना एकाच क्लॉकला रीड आणि राइट दोन्ही आले का, हे फंक्शनल कव्हरेजमधे, म्हणजे कुठल्या परिस्थिती तपासल्या त्या यादीत, तुला स्वतः लिहायला लागतं.

१९९४ चं इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरचं प्रकरण वाच. भागाकाराच्या टेबलमधल्या ५ नोंदी राहून गेल्या होत्या. ४१९५८३५ ला ३१४५७२७ नं भागलं की १.३३३८२ च्या जागी १.३३३७४ यायचं. इंटेलच्याच हिशेबानं रँडम आकडे घेतले तर ९ अब्ज भागाकारांत एकदा चूक, आणि भुर्दंड पडला ४७.५ कोटी डॉलरचा. असला बग नुसत्या रँडमच्या भरवशावर सापडत नाही, टेबलची प्रत्येक नोंद एकदा तरी गाठली का, हा प्रश्न कुणीतरी आधी लिहून ठेवायला लागतो. तुझ्या डिझाइनमधे काय काय मोजायचं ती यादी गाइडसोबत बसून कर, सिनिअरसोबत नको.

प्रश्न (अक्कलकोट रोड एमआयडीसी): आमच्या टॉवेलच्या कारखान्यात लावायला मुलानं एफपीजीए (हवं ते सर्किट भरता येणारी चिप) बोर्डवर पिक काउंटर (मागावर आडवे धागे किती पडले ते मोजणारा) बनवलाय. कंप्युटरवर १०० ला १०० मोजतो, मागावर लावला की जास्त मोजतो, मधेच भलताच आकडा दाखवतो. दुकानदार म्हणतो महागातला बोर्ड घ्या.

घेऊ नका. दुकानदाराला बोर्ड खपवायचाय.

मुलाच्या टेस्टबेंचमधे पल्स स्वच्छ येतो आणि क्लॉकच्या तालात येतो. मागावरचा सेन्सर क्लॉकला विचारून बदलत नाही. तुमच्या वर्णनावरनं दोन वेगळे दोष वाटतात. पल्स वर-खाली थरथरत येत असेल तर एका पिकचे दोन-तीन मोजले जातात. आणि तो सिग्नल थेट अनेक फ्लिपफ्लॉपना, म्हणजे एकेक बिट धरून ठेवणाऱ्या घटकांना, दिला असेल तर त्याच क्षणी एकाला तो १ दिसतो नि दुसऱ्याला ०, मग भलते आकडे. साध्या सिम्युलेशनमधे मेटास्टेबिलिटी, म्हणजे फ्लिपफ्लॉपचं ० की १ हे न ठरता मधेच अडकणं, दिसतच नाही. आधी एकामागं एक दोन फ्लिपफ्लॉप, मग थरथर गाळणारा काउंटर, मग एज, म्हणजे सिग्नल बदलतो तो क्षण, ओळखायची. किती मिलिसेकंद गाळायचे ते तुमच्या मागाच्या स्पीडवर. टेस्टबेंचमधेही पल्स वाटेल त्या वेळी आणि थरथरता द्यायला सांगा.

बोर्डच्या आत बघायला सिग्नल टिपून ठेवणारं सिग्नलटॅप किंवा आयएलए असतं, पण ५० मेगाहर्ट्झला १०२४ सॅम्पल म्हणजे जेमतेम २० मायक्रोसेकंद, आणि थरथर चालते मिलिसेकंदांत, तेव्हा सिग्नल बदलला तरच सॅम्पल साठव असं सेटिंग करायला लागेल. सेन्सर २४ व्होल्टचा असेल तर ३.३ व्होल्टच्या पिनला थेट जोडू नका, मधे ऑप्टोकपलर (प्रकाशातनं सिग्नल पोचवून दोन सर्किट वेगळी ठेवणारा भाग) पाहिजे. हे सगळं जाणकार इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय माग चालू करू नका.

प्रश्न (होटगी रोड): रीसेटनंतरही दोन सिग्नल लाल एक्स दाखवत होते. युट्यूबवर सांगितल्याप्रमाणं इनिशिअल ब्लॉकमधे शून्य टाकलं, गेले. बरोबर ना?

चूक. एक्स म्हणजे ‘व्हॅल्यू माहीत नाही’, तो तक्रार करत होता, तू त्याचं तोंड दाबलंस. एफपीजीएवर इनिशिअल व्हॅल्यू बऱ्याचदा निभावून जाते, पण चिप बनवली तर पॉवर येताना फ्लिपफ्लॉपमधे काय असेल त्याची खात्री नाही. त्यात इफच्या कंडिशनमधे एक्स आला की व्हेरिलॉग गुपचूप एल्स धरतं, त्यामुळं खरी गडबड झाकून जाते. रीसेट कुठं पोचत नाही ते शोध, सापडलं नाही तर लॅबमधे कुणाला तरी कोड दाखव, युट्यूबला नको.

प्रश्न: रँडम टेस्ट काल फेल झाली, आज होईना.

सीड, म्हणजे रँडम आकडे ज्या आकड्यापासनं तयार होतात तो, छापायला शिक. कालचा सीड गेला असेल तर आता बसा शोधत.

प्रश्न (पालक, सात रस्ता): मुलगी इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. एका क्लासवाल्यांचा फोन होता, यूव्हीएम नसेल तर नोकरीच नाही, प्लेसमेंटची गॅरंटी, फी आजच भरा, उद्या वाढणार.

‘उद्या वाढणार’ म्हटल्यावर फोन ठेवायचा. यूव्हीएम ही टेस्टबेंच बांधायला सिस्टिमव्हेरिलॉगमधल्या तयार क्लासची (कोडच्या साच्यांची, शिकवणीची नव्हे) लायब्ररी आहे, २०१७ ला आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेचं स्टँडर्ड झालं, कंपन्या वापरतात, शिकायला हरकत काहीच नाही. पण लायब्ररीतल्या क्लासची नावं पाठ असलेली आणि साध्या फिफोत डेटा कुठं हरवला ते सांगता न येणारी मुलं इंटरव्ह्यूत पाचव्या मिनिटाला अडकतात. गॅरंटी कागदावर मागा, कागदावर ‘असिस्टन्स’ लिहिलं असेल तर ती गॅरंटी नाही. मागच्या बॅचच्या मुलांशी स्वतः बोला, आणि फी भरायच्या आधी मुलीच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांना एकदा भेटा.

प्रश्न: फॉर्मल केलं की टेस्ट लिहायला नकोत ना?

लागतात. ३२ बिटच्या दोन आकड्यांच्या बेरजेचे सगळे इनपुट सेकंदाला १ अब्ज या वेगानं तपासले तरी ५८० वर्षांच्या वर जातील, तिथं फॉर्मल गणितानं सिद्ध करून देतं, पण तू लिहिलेली प्रॉपर्टीच, म्हणजे नियमच, सिद्ध करतं, न लिहिलेली नाही.

प्रश्न: गड्ड्याची जत्रा संपली की सबमिशन आहे. डिझाइन पूर्ण झाल्यावर टेस्टबेंचला हात घातला तर चालेल का?

नाही. आज रात्री स्पेकमधनं तपासायच्या १० गोष्टी कागदावर काढ, उद्या गाइडना दाखव, मग जत्रेला जा.