मागच्या बाकावरच्या खासदाराचा मतदानाचा रेकॉर्ड कुठे मिळतो? त्याने मतदारसंघात काम केलं की नाही, हे कसं तपासायचं?

रेकॉर्ड शोधायला गेलात तर हाती फार थोडं लागेल. बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात आणि कोण 'होय' म्हणालं, कोण 'नाही', याची नोंद राहत नाही. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत दोन कृषी विधेयकं अशीच मंजूर झाली, विरोधक मतविभाजन, म्हणजे प्रत्येकाचं मत नावानिशी नोंदवणारी मोजणी, मागत असताना. मतविभाजन झालं तरच नावं इतिवृत्तात येतात. घटनादुरुस्तीला ते लागतंच, म्हणून २०२३ च्या महिला आरक्षणाची लोकसभेतली नोंद आहे: ४५४ विरुद्ध २. त्या दोघांतले एक औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. त्यांचं मत पटो न पटो, मतदारांना ते ठाऊक तरी आहे.

त्यातही व्हिप, म्हणजे असंच मत द्या हा पक्षाचा आदेश, निघाला असेल तर मत पक्षाचंच. व्हिप मोडला आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर खासदारकी जाऊ शकते. हजेरीच्या टक्केवारीला तर मी शून्य किंमत देतो. हजेरी लावून लगेच निघून गेलेल्याचा दिवसही भरतो.

त्यापेक्षा लोकसभेच्या संकेतस्थळावर त्याचे प्रश्न उघडा. आकड्याला भुलू नका, एकच प्रश्न अनेक सदस्यांच्या नावावर लागतो. आपल्या तालुक्याचं, धरणाचं, रेल्वेमार्गाचं नाव प्रश्नात आहे का आणि पुढच्या अधिवेशनात त्याचा पाठपुरावा झाला का, एवढंच बघा.

आता 'इतके कोटी आणले' हे पत्रक. खासदार निधी वर्षाला ५ कोटी आणि त्यातही खासदार फक्त शिफारस करतो. मान्यता आणि बिलं जिल्हा प्रशासनाकडे. पत्रकात राज्याच्या अर्थसंकल्पातले रस्ते, २५१५ ची (राज्याच्या ग्रामविकास विभागाच्या या लेखाशीर्षाखालची) कामं, जिल्हा नियोजनचा पैसा, सगळं एकत्र घातलेलं असतं. ही मतदारांची सरळ फसवणूक आहे.

जिल्हा नियोजन कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून. महाराष्ट्रात अर्जाला एक विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे एकच काम धरा. 'पाच वर्षांची सर्व कामं' मागितलीत की 'कार्यालयात येऊन फाइली बघा' असं पत्र येतं. मागा: खासदाराच्या शिफारशीची प्रत, प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची प्रत, पूर्णत्वाचा दाखला. शिफारसच नसेल तर त्या कामावर खासदार निधीचा दावा खोटा. मोजमाप पुस्तिकेत रस्त्याची लांबी, रुंदी, जाडी असते. टेप घेऊन जागेवर जा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा.

खासदार मंत्री असेल तर यातलं प्रश्नांचं आणि हजेरीचं लागू नाही. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, हजेरीही लावत नाहीत. आणि २०२०-२१ मध्ये कोविडमुळे खासदार निधीच थांबवला होता, त्या वर्षाचा शून्य कुणाच्या माथी मारू नका.