बारा वर्षांच्या मुलाच्या खुब्यात स्क्रू टाकल्यावर सरकलेलं हाड जागेवर येतं का?

या वयात बहुधा नाही, आणि तो हेतूही नसतो. मांडीच्या हाडाचा गोळा वाढीच्या चकतीपाशी, म्हणजे हाड जिथून वाढतं त्या कूर्चेच्या थरापाशी, घसरलेला असतो. तो जबरदस्तीने बसवायला गेलं तर त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. म्हणून घसरण फार नसेल तर आहे त्याच जागी, सी-आर्मवर (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्रावर) बघत, छोट्याशा छेदातून बहुतेकदा एकच पोकळ स्क्रू चकती ओलांडून गोळ्याच्या मधोमध नेतात. पुढचं घसरणं थांबतं, चकती हळूहळू बुजते.

ऑपरेशन होईपर्यंत त्या पायावर भार नको, अगदी बाथरूमपर्यंतही नाही. नंतर काही आठवडे कुबड्या. दुसऱ्या खुब्यावरही लक्ष ठेवा. तिथलं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं आणि घरचे गुडघ्यालाच बाम चोळत बसतात.