पप्पा म्हणतात फुकट राबवून घेतील

प्रश्न : ताई, मी अकरावीत आहे, सोलापुरात राहते. आमच्या भागातल्या युवा केंद्रात सुट्टीत डिजिटल डिझाइन आणि बिझनेसची इंटर्नशिप आहे पण पैसे देणार नाहीत, म्हणून पप्पा नको म्हणतायत. काय करू?

उत्तर : पप्पांची शंका रास्त आहे गं. आधी केंद्रात जाऊन विचार की शिकवणार कोण, रोज किती तास, आणि केलेलं काम मला माझ्या नावाने दाखवता येईल का. नुसते वाढदिवसाचे बॅनर करून घेणार असतील तर सरळ नको म्हण. पण खरंच शिकवणार असतील तर जा, कारण कॅनव्हा हे डिझाइनचं अ‍ॅप तू घरबसल्या मोबाईलवर शिकशील पण स्क्रीनवरचा आरजीबी (लाल-हिरव्या-निळ्या प्रकाशाचा) रंग प्रेसमध्ये सीएमवायकेत (निळसर, गुलाबी, पिवळ्या, काळ्या शाईत) छापला की फिका का पडतो हे कुणीतरी समोर बसून दाखवलं तरच डोक्यात बसतं.

बिझनेसचं म्हणशील तर शेंगा चटणीच्या पाकिटाचं लेबल करायला घे. वजन, एमआरपी, तारीख, एफएसएसएआय (खाद्यपदार्थाच्या परवान्याचा) नंबर हे सगळं छोट्याशा जागेत बसवताना अर्धा धंदा कळतो, आणि डिझाइनचा खर्च पाकिटामागे किती पडला तेही काढ. चादरीचं काम आलं तर जपून, सोलापुरी चादरीला जीआय आहे, म्हणजे ते नाव कायद्याने त्या भागातल्याच मालाचं, पानिपतच्या मालावर ते नाव टाकायचं नाही.

आणि हो, १८ च्या आत तुझी सही करारावर चालत नाही, त्यामुळे कागद काही असला तर पप्पांनाच वाचायला दे, त्यांनाही बरं वाटेल.