माझ्या एक्स्पेरिमेंटमुळे कोणाला काही झालं तर?

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेजं सुरू झाली की सायकॉलॉजीची मुलं माझ्याकडे यायला लागतात आणि बऱ्याच जणांच्या मनात एकच गोष्ट असते, मॅडम प्रोजेक्टसाठी माणसांवर प्रयोग करायचाय पण भीती वाटतीये, कोणाला काही झालं तर? ही भीती घेऊन येणारी मुलं मला मनापासून आवडतात. काळजी मला त्यांची वाटते ज्यांना काहीच वाटत नाही, कन्सेंट फॉर्मवर, म्हणजे संमतीपत्रावर, सही घेतली की झालं अशी ज्यांची समजूत असते.

त्यातलीच एक केस सांगते. तिची परवानगी घेतलीये, नाव आणि ओळखू येईल असं सगळं बदललंय. आपण तिला ऋतुजा म्हणू. एमएच्या शेवटच्या वर्षाला होती, डिझर्टेशनचा, म्हणजे प्रबंधाचा, विषय अपयशाचा चिकाटीवर काय परिणाम होतो असा काहीतरी. डिझाइन साधं होतं, सगळ्यांना अक्षरं उलटसुलट केलेली शब्दकोडी द्यायची, मग निम्म्या मुलांना, त्यांनी कितीही चांगली सोडवली असली तरी, तुमचा स्कोअर सरासरीपेक्षा खूप कमी आहे असं सांगायचं आणि पुढची कोडी ती किती वेळ सोडवत बसतात ते स्टॉपवॉच लावून मोजायचं.

पायलटसाठी, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीसाठी, तिनं आपल्याच हॉस्टेलच्या ज्युनियर मुली घेतल्या. त्यातल्या एकीला स्कोअर खूप कमी आलाय म्हटल्यावर ती हसली, बरं ताई म्हणाली आणि गेली. रात्री मेसला आलीच नाही. रूममेटकडून कळलं की ती रडत होती, तिला आधीच दोन विषयांत एटीकेटी होती आणि आपल्याला डोकंच नाही हे तिनं मनाशी जवळजवळ पक्कं केलेलं, त्यावर हा स्कोअर म्हणजे शिक्काच बसला. ऋतुजा घाबरून सकाळी तिच्या रूमवर गेली, सांगितलं की अगं तो स्कोअर खोटा होता, सगळं आधीच ठरलेलं होतं. तर ती म्हणते कशी, ताई मला बरं वाटावं म्हणून सांगतेयस तू.

तेव्हापासून ऋतुजाची झोप उडालेली. माझ्यासमोर बसून पहिलं वाक्य हेच की मी मिलग्रॅमसारखंच केलं ना, मी या फील्डच्या लायकीची नाहीये.

मी आधी तिला बोलू दिलं, बराच वेळ. मग आम्ही दोन वाक्यं वेगळी केली, एक म्हणजे मी वाईट आहे आणि दुसरं म्हणजे माझ्या डिझाइनमध्ये भोक आहे. पहिल्या वाक्यावर रात्रभर रडता येतं, दुसऱ्यावर काम करता येतं. इथे एक स्पष्ट करते, मी काही तिची गाईड नव्हते, डिझाइन बदलायचं का हे ठरवणं माझं काम नाही. पण तिची भीती नेमकी कुठे बोट ठेवतीये हे बघणं माझं काम होतं.

मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञाचं नाव तिनंच काढलं म्हणून त्याच्यावरच बोललो. त्याच्या प्रयोगात लोकांना सांगितलं जायचं की पलीकडच्या माणसाचं उत्तर चुकलं की त्याला विजेचा शॉक द्या, दर वेळी आधीपेक्षा मोठा. येल विद्यापीठात १९६१ मध्ये सुरू झालेले ते प्रयोग, १९६३ च्या पेपरमध्ये ४० पुरुष आणि त्यातले २६ जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले, हे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. शॉक खोटे होते हेही पाठ असतं. पण मी तिला विचारलं की तिथे लोक बळजबरीनं आणले होते का? नाही, जाहिरात वाचून आपण होऊन आलेले. गडबड पुढे होती, माणूस म्हणतोय मला थांबायचंय आणि समोरचा म्हणतोय प्रयोगासाठी तुम्ही पुढे जाणं गरजेचं आहे. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्यावर कडक टीका लिहिली, की या लोकांना जो ताण दिला गेला त्याचं काय, त्यांची जबाबदारी कोणाची.

आता तुझा फॉर्म काढ म्हटलं. त्यात लिहिलेलं होतं, तुम्ही कधीही थांबू शकता. छान. पण हॉस्टेलची फर्स्ट इयरची मुलगी, जिला ऋतुजाताई नोट्स देते, रेक्टरकडे बाजू घेते, ती ताईला नाही म्हणणार कशी? आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, माणसांवरच्या संशोधनासाठी २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत ना, त्यात विद्यार्थ्यांना नोकर, हाताखालचे लोक यांच्याच बरोबर असुरक्षित गटात धरलंय, कारण नकार दिला तर काहीतरी बिघडेल ही भीती असते. ऋतुजाला हे एकदम पटलं. आणि अजून एक गोष्ट जी मुलं हमखास विसरतात, फर्स्ट इयरची कितीतरी मुलं अठरा वर्षांची झालेलीच नसतात, म्हणजे त्यांची एकट्याची सही पुरत नाही, पालकांची परवानगी लागते आणि मुलाचीही स्वतःची तयारी लागते, दोन्ही.

मग ती ज्युनियर खरं सांगूनही का ऐकेना? तर हे नवीन नाहीये. १९७५ मध्ये रॉस, लेपर आणि हबर्ड यांनी हेच तपासलं होतं, लोकांना एका कामात खोटं यश किंवा खोटं अपयश सांगितलं, मग ते खोटं होतं असं सांगून टाकलं, तरीही अपयश सांगितलेल्यांचं स्वतःबद्दलचं मत खालीच राहिलं. आपलं मन लगेच पुरावे गोळा करतं ना, हो शाळेतही मला जमायचं नाही, तेव्हाही असंच झालं होतं, आणि मूळ खोटी गोष्ट काढून घेतली तरी ते पुरावे तसेच उभे राहतात. फरक कधी पडला, तर मन असं चिकटून बसतं हेसुद्धा लोकांना समजावून सांगितलं तेव्हा. ऋतुजा परत त्या मुलीकडे गेली आणि निवांत बसून हे सगळं बोलली, कोणाला काय सांगायचं हे ज्यात आधीच लिहिलेलं होतं तो कागदही दाखवला, तुझी माहिती ठेवू का काढून टाकू हेही विचारलं. काढ म्हणाली, तर काढली.

डिझाइन गाईडनं आणि कॉलेजच्या एथिक्स कमिटीनं बसून बदललं. खोटा स्कोअर पूर्ण गेला. एका गटाला सोपी कोडी आधी, दुसऱ्याला अवघड आधी, आणि काही कोडी फार अवघड आहेत, वैताग येऊ शकतो हे सगळ्यांना फॉर्ममध्येच सांगितलं. खोटं न बोलताही तोच प्रश्न विचारता येतो हे बघून तिलाच आश्चर्य वाटलं. कुठेकुठे थोडं लपवावंच लागतं, नाहीतर प्रयोगच होत नाही, ते मान्य, पण दुसरा मार्ग खरंच नाहीये का हे आधी बघायला हवं आणि माणूस जायच्या आत त्याला खरं कळायला हवं. सब्जेक्ट, म्हणजे प्रयोगात भाग घेणारे, हॉस्टेलबाहेरचे, दुसऱ्या डिपार्टमेंटचे घेतले, नोटीस लावून, आपण होऊन येतील ते. नावाऐवजी कोड नंबर, सह्यांचे फॉर्म वेगळ्या फाइलमध्ये. डीब्रीफिंग, म्हणजे प्रयोग संपल्यावर माणसाला सगळं खरं समजावून सांगणं, हे नुसतं थँक्यू आणि चॉकलेट नाही हे तर ती आता ज्युनियरना सांगत सुटलीये! आपण प्रॅक्टिकलच्या जर्नलसाठी इंट्रोस्पेक्टिव्ह रिपोर्ट, म्हणजे प्रयोग करताना काय वाटलं ते, त्या माणसाकडून लिहून घेतो आणि चिकटवून टाकतो, तो माणूस समोर असतानाच वाचा हो, त्यात त्यानं लिहिलेलं असतं की मला फार कसंतरी झालं.

रिझल्ट सिग्निफिकंट आला नाही, म्हणजे दोन गटांत ठामपणे सांगावा असा फरक दिसला नाही. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, त्यावर विचारलं, तिनं शांतपणे उत्तर दिलं, पास झाली.

एक मात्र राहिलं, जे ऋतुजाचं नव्हतं पण हल्ली खूप मुलांचं असतं. प्रयोग नको, त्यापेक्षा सर्व्हे सोपा म्हणून गुगल फॉर्मवर डिप्रेशनची स्केल, म्हणजे ते मोजायची प्रश्नावली, टाकतात, ग्रुपवर फिरवतात. त्यातली एक नेहमीची स्केल म्हणजे पीएचक्यू-९, तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. रात्री डेटा उघडायचा आणि कोणीतरी तिथे जवळजवळ रोज असं टिक केलेलं दिसतं, नाव नाही, नंबर नाही, आणि आपण हातात मोबाइल धरून बसलेलो. म्हणून ही स्केल खरंच लागतेय का हे आधी गाईडशी बोला, लागतच असेल तर असं उत्तर आलं की कोण काय करणार हे फॉर्म पाठवायच्या आधी लिहून ठेवा. आणि टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फॉर्मच्या शेवटी थँक्यूच्या खाली टाकू नका, पहिल्याच पानावर टाका, कारण जो माणूस फॉर्म अर्ध्यात बंद करून जातो त्यालाच कदाचित तो हवा असतो.